ढगाचा नाच

२२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शालेय कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्याला दहा वर्षं होऊन गेली. आता बारामतीत उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि ती शाळेत कधी येणार, असं पालक विचारू लागलेत. त्याआधी शाळेतल्या पडद्यांचा मागचा हिशेब व्हायला हवा.

सुरुवातीचा काळ पटकन सांगून होतो. १९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली. आमच्या इंदापूर तालुक्यात वीज असली तर ती दिसायची. २०१७ मध्ये ती बंद केली. २०२० च्या जुलैत कोरोनामुळे मुलं घरी बसली आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू करावी लागली. मराठी मुलांसाठी उभी केलेली संस्था जेमतेम तीन वर्षांपूर्वी मोडीत काढली होती, हे कुणी बोललंही नाही.

शिक्षक म्हणून माझं दशक मात्र प्रोजेक्टरचं. उसाचं बिल जमा झालं की गावकरी लोकवर्गणीची पावती फाडायचे. त्या पैशांतून प्रोजेक्टर, स्पीकर आणि तयार सॉफ्टवेअर आलं. त्यातला जलचक्राचा पाठ अजून डोळ्यांपुढे आहे. ढगाला डोळे, मागे ढोलकी, निवेदिका बोलतेय तेच वाक्य खाली सरकतंय. पाठ संपल्यावर पाणी वर कसं गेलं विचारलं, तर पोरं ढगाचा नाच करून दाखवायची.

दोष पोरांचा नव्हता. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हे पुस्तक २००१ मध्येच आलं होतं. त्याचं म्हणणं, चित्र आणि बोलणं जोडीनं आलं तर नीट समजतं. पण डोक्यात एका वेळी थोडंच मावतं, म्हणून फालतू संगीत, सजावट, बोललेलंच पुन्हा अक्षरांत दाखवणं शिकण्याच्या आड येतं. तपासणीच्या तक्त्यात मात्र रकाना होता ‘शाळा डिजिटल आहे का?’ मुलाला काय कळलं, याला रकाना नव्हता. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी प्रोजेक्टर बंद करून मी खडूनं उजनी धरणाचा फुगवटा काढला. बोलत बोलत बाण काढत गेलो. उन्हाळ्यात त्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते का? एक मुलगी म्हणाली, “सर, थोडं कालव्यानं जातं, थोडं ऊन पितं.” शिकवणारा समोर आकृती काढत बोलला, तर विषयात नवख्या असलेल्यांना तयार आकृतीपेक्षा जास्त कळतं, हे फिओरेला आणि मेयर यांनी २०१६ मध्ये प्रयोगांनी दाखवलं.

आता फळ्याच्या जागी मोठे पॅनेल बसताहेत, पाठ तेच. पुढची खरेदी करायची तर विक्रेत्यानं आधी एक पाठ इथल्या चौथीच्या वर्गाला दाखवावा. दुसऱ्या दिवशी मुलांनी तो आपल्या शब्दांत सांगावा. मगच बिल काढावं.