पदवी आणि व्यासंग

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा पत्रकारितेची पदवी देणारे एकही विद्यालय या देशात नव्हते. गणित, इतिहास आणि भाषा यांचा व्यासंग हीच त्यांची पूर्वतयारी. म्हणूनच ते पत्र मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालले. आज पदव्या मुबलक आहेत. परंतु नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचता न येणारा पदवीधर अधिकारी सांगेल तेच छापणार, आणि फसगत होणार ती वाचकाची. तेव्हा या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातच अर्थशास्त्र, कायदा वा शेती यांपैकी एका विषयाचा पाया पक्का करावा, दोन भाषा आत्मसात कराव्यात आणि रोज एक पान लिहून जाणत्याकडून तपासून घ्यावे. कॅमेरा महिन्याभरात हाताळता येतो. व्यासंगाला मात्र वर्षे द्यावी लागतात.