गेमचं मशीन टीव्हीला जोडलं, तरी पिक्चर धूसर का दिसतो?

परदेशात नोकरीला असलेला गावचा पोरगा दिवाळीला घरी येतो, बॅगेतून दोन्ही हातांत धरायचं एक गेमचं मशीन काढतो आणि सांगतो, ‘हे टीव्हीला लावलं की दुसरा डबा घ्यायची गरजच नाही.’ त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

हे मशीन म्हणजे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं स्टीम डेक. फेब्रुवारी २०२२ पासून ते ग्राहकांच्या हाती पडू लागलं. तेव्हा अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर होती. भारतात कंपनीने ते थेट विक्रीला आणलं नाही. इथं येतं ते कुणाच्या तरी सामानातून, नाहीतर बाहेरून माल मागवणाऱ्या दुकानदाराकडून चढ्या भावात. बिघडलं तर जवळपास कुठं नेणार, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

दिसायला खेळणं असलं तरी आतून हा पक्का कॉम्प्युटर आहे. विंडोजऐवजी त्यावर लिनक्स चालतं. पॉवरच्या मेनूतून डेस्कटॉप निवडला की ब्राउझर, फोल्डर सगळं समोर येतं. मशीनला यूएसबी-सीचं भोक एकच, त्यामुळे चार्जिंग आणि एचडीएमआय दोन्ही देणारा डॉक किंवा हब लागतो. कंपनीच्या डॉकवरून ४के टीव्हीला ६० हर्ट्झपर्यंत चित्र जातं. फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, कोडी हे सगळं फुकट उतरवता येतं. यातल्या कोडीचा जन्मच मुळी गेमच्या मशीनवर झाला. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी मंडळींनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं.

लग्नाची शूटिंग, मोबाईलमधले व्हिडिओ, पेनड्राइव्हवरच्या फायली यावर छान चालतात. यूट्यूबही ४के मध्ये दिसतं. गाडी अडते ती पैसे भरून पाहायच्या ॲपवर.

या कंपन्या सिनेमा कुलूप लावून पाठवतात. ब्राउझरमध्ये आणि अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी ते कुलूप गूगलचं असतं, नाव वाइडवाइन. त्याच्या पायऱ्या आहेत. एल-१ म्हणजे कुलूप प्रोसेसरच्या आतल्या वेगळ्या, बंद कप्प्यात उघडतं. मधल्यामध्ये कुणाला हात घालता येत नाही. एल-३ मध्ये तेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणजे तिजोरीऐवजी लाकडी कपाट. लिनक्सवरच्या ब्राउझरला एल-३ मिळतं. लिनक्स कुणालाही उघडून बदलता येतं, म्हणून सिनेमावाले त्याच्या हाती चांगला माल देत नाहीत. ४के तर मिळतच नाही, काही ॲप ७२० पिक्सेलवर किंवा त्याच्याही खाली आणून ठेवतात. मशीनची ताकद कितीही असो, चित्र ठरतं ते चावीवर.

आता पैशाचं. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले महिन्याचे दर १४९, १९९, ४९९ आणि ६४९ रुपये असे केले. ४के फक्त ६४९ मध्ये. म्हणजे सगळ्यात महागडा प्लॅन घेऊन या मशीनवर पाहिलं, तर ४के चे पैसे वाया. आणि १४९ चा प्लॅन फक्त मोबाईल-टॅबसाठी. तो इथं चालणारच नाही. याउलट पाच-सहा हजारांची ४के स्टिक, जिच्यात एल-१ असतं, तिथं हा अडथळा येत नाही. घरातल्या स्मार्ट टीव्हीतही बहुतेक वेळा ते असतंच. फक्त नेट दमदार हवं: नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातं.

चित्र धूसर दिसलं की आधी वायरला किंवा टीव्हीला दोष दिला जातो. त्याच वायरीवर यूट्यूबचा ४के व्हिडिओ लावून बघावा. तो स्वच्छ दिसला तर वायर बदलायला दुकानात पळू नये, घोडं कुलपापाशी अडलंय.

दुसरी अडचण रिमोटची. डेस्कटॉपवर उजवीकडचा पॅड माऊससारखा फिरवायचा, अक्षरं टाकायला स्टीमचं बटण आणि एक्स एकदम दाबायचं. पोरांना हे दोन मिनिटांत जमतं. मालिका पाहणाऱ्या आजीच्या हातात हे देऊन बघा, दुसऱ्या दिवशी जुना रिमोट शोधायला लागेल.

एक फायदा मात्र आपल्याकडे खास कामाचा. मशीनला स्वतःची बॅटरी आणि सात इंचांचा पडदा आहे. लाईट गेली की वायर काढायची, सिनेमा हातातल्या पडद्यावर पुढे चालू. राउटरही लाईटीबरोबर बंद पडतो, त्यामुळे फाईल आधीच मेमरी कार्डात भरून ठेवलेली हवी.