आयपी पत्ता : संगणकाची ओळख आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संगणकावर एखादे ई-नियतकालिक परवलीचा शब्द न विचारता उघडते. तेच नियतकालिक त्याच प्राध्यापकाने रात्री घरून उघडू पाहिले असता वर्गणीची मागणी पुढे येते. वाचक तोच, नियतकालिकही तेच. मग फरक कशात पडला? प्रकाशकाच्या सर्व्हरने वाचकाला ओळखलेलेच नसते. मागणी ज्या आयपी पत्त्यावरून आली, तो पत्ता विद्यापीठाच्या नावे नोंदलेला आहे काय, एवढेच त्याने पाहिलेले असते. महाविद्यालयीन अध्यापकांना परिचित असलेल्या एन-लिस्ट योजनेत मात्र व्यक्तिगत सदस्यनाम व परवलीचा शब्द दिला जातो. पहिल्या पद्धतीत जागा ओळखली जाते, दुसऱ्या पद्धतीत व्यक्ती. 'आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरील संगणकाची ओळख' ही पाठ्यपुस्तकी व्याख्या चुकीची नाही. परंतु हा भेद तिच्यात हरवतो. तो हरवल्याने काय घडू शकते, हे पुढे येईलच.

पत्त्याची रचना

इंटरनेटवर पाठविलेली माहिती लहान लहान पॅकेटांत विभागली जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात. पाठविणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो तो उत्तर परत यावे म्हणून. तो कोणाची ओळख पटविण्यासाठी योजलेला नव्हता. तो उपयोग मागाहून चिकटला.

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व आजही प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमावलीनुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. वाचनाच्या सोयीसाठी त्याचे आठ-आठ अंकांचे चार गट करून ते दशमान पद्धतीने लिहितात, जसे २०३.०.११३.२५. प्रत्येक गटाचे मूल्य ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. (हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातील आहे, त्यामुळे त्याच्या मागावर कोणी निघाल्यास कोणाच्याही दारात पोहोचणार नाही.) पत्त्याचा पूर्वभाग जाळे दर्शवितो, उत्तरभाग त्या जाळ्यातील यंत्र.

या रचनेचे आपल्याकडील जवळचे उदाहरण म्हणजे पिन कोड. संस्कृत पंडित व टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात लागू झाला. त्यातील पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवितात. कोलकात्याच्या वर्गीकरण केंद्रातील कर्मचाऱ्याला पुण्यातील पेठा ठाऊक असण्याची गरज नसते. ४११ हे अंक पाहून तो थैली योग्य दिशेने रवाना करतो. राऊटर नेमके हेच करतो. मात्र साम्य येथेच संपते. घराचा पिन कोड सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असा बदलत नाही. आयपी पत्ता बदलू शकतो.

टंचाई आणि सामायिक पत्ते

३२ अंकांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. १९८१ मध्ये ही संख्या अमर्याद वाटली असल्यास नवल नाही. परंतु पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील अखेरचे पाच मोठे संच ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रादेशिक संस्थांना वाटले गेले आणि मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. टंचाईची चाहूल त्याआधीच लागली होती व तिच्यावर दोन उपाय रूढ झाले होते.

पहिला उपाय म्हणजे पत्ता कायमचा न देता मुदतीने देणे. ग्राहक जोडणी सुरू करतो तेव्हा सेवा पुरवठादार आपल्या साठ्यातील एखादा मोकळा पत्ता त्याला देतो. ग्राहक गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर तोच पत्ता दुसऱ्याला मिळतो. लॉजमधील सात क्रमांकाच्या खोलीसारखाच हा प्रकार आहे. त्या खोलीत कोण होते, हा प्रश्न दिवस आणि वेळ सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो आणि उत्तर खोलीत नव्हे, तर व्यवस्थापकाच्या वहीत असते.

दुसरा उपाय म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे उभी करणे. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते दिलेले असतात. असेच पत्ते शेजारच्या महाविद्यालयातही, घराघरांतही असतात, कारण फेब्रुवारी १९९६ च्या नियमावलीने ते अंतर्गत वापरासाठी खुले ठेवले आहेत. बाहेरच्या जगाला या चाळीस संगणकांऐवजी महाविद्यालयाचा एकच पत्ता दिसतो. मग उत्तर नेमक्या संगणकाकडे परतते कसे? महाविद्यालयाच्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही आठवावी. सर्व विभागांची पत्रे एकाच शिक्क्याने बाहेर पडतात. उत्तर आल्यावर जावक क्रमांक पाहून ते संबंधित विभागाकडे जाते. राऊटर अशीच नोंद ठेवतो आणि जावक क्रमांकाचे काम पोर्ट क्रमांक करतो. मोबाइल कंपन्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर राबविली असून तेथे एका सार्वजनिक पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असू शकतात. अशा वेळी पत्ता व वेळ एवढी माहितीही अपुरी पडते. पोर्ट क्रमांकही लागतो.

पत्त्यावरून व्यक्तीकडे

ऑगस्ट २००७ मध्ये बंगळुरू येथील एका तरुण संगणक व्यावसायिकास पुणे पोलिसांनी अटक केली. ऑर्कुट या तत्कालीन संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता आणि आधार होता आयपी पत्त्याचा. सेवा पुरवठादार कंपनीने त्या पत्त्यासाठी दिलेली ग्राहकाची माहिती चुकीची होती, हे पुढे निष्पन्न झाले. तोपर्यंत त्या तरुणाचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले होते. संकेतस्थळाच्या नोंदीतील पत्ता ही साखळीची एक कडी. तो पत्ता त्या क्षणी कोणत्या ग्राहकाकडे होता ही दुसरी. आणि त्या ग्राहकाच्या जोडणीवर प्रत्यक्ष कोण बसले होते ही तिसरी. या कड्या वेगवेगळ्या हातांत असतात आणि त्यांतील एक सदोष असली तरी उरलेल्यांचा उपयोग राहत नाही.

वेळेचा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही. अनेक सर्व्हरांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेनुसार असतात व भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नोंदीतील १० तारखेचे १८.४५ म्हणजे आपल्याकडील ११ तारखेचे ००.१५ होय. हे रूपांतर राहिले की वेळेबरोबर तारीखही बदलते आणि त्या वेळी पत्ता भलत्याच ग्राहकाकडे असू शकतो.

पत्त्यावरून स्थळ सांगणारे कोशही बेताचेच विश्वासार्ह असतात. अशाच एका कोशाने 'अमेरिकेत कोठेतरी' एवढेच ठाऊक असलेल्या पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू गृहीत धरला. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या घराकडे बोट दाखवीत होते आणि तेथील रहिवाशांना अनेक वर्षे तपास अधिकाऱ्यांचा व संतप्त लोकांचा ससेमिरा सोसावा लागला. कारण उघड झाले ते २०१६ मध्ये.

सहावी आवृत्ती

१२८ अंकी पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीमुळे टंचाई संपुष्टात येते. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे शक्य होते. येथे एक गमतीदार वळण आले. आरंभी या पत्त्याचा उत्तरभाग यंत्राच्या जाळेपट्टीवरील कायम क्रमांकावरून बनविण्याची पद्धत होती. परिणामी एखादा लॅपटॉप घरी, महाविद्यालयात, विमानतळावर कोठेही जोडला तरी त्याच्या पत्त्याचा शेपटाचा भाग तोच राही व त्याचा माग काढणे सोपे होई. म्हणून हा भाग यादृच्छिक व तात्पुरता ठेवण्याची सोय करण्यात आली. पत्ते मुबलक झाले तरी ओळख पुन्हा अस्थिरच राहिली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच झाले.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये असा निर्णय दिला, की बदलता आयपी पत्तादेखील, सेवा पुरवठादाराकडील माहितीशी तो कायदेशीर मार्गाने जोडता येत असेल तर, व्यक्तिगत माहिती ठरू शकतो. म्हणजे पत्ता स्वतः व्यक्ती नव्हे. व्यक्तीपर्यंत नेते ती नोंदवही. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करण्यास आणि घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या सार्वजनिक पत्त्याविषयी पोलिसांचे पत्र आले, तर चाळीस संगणकांपैकी कोणता, याचे उत्तर राऊटरमधील नोंदीवर अवलंबून राहील. आणि त्या संगणकावर त्या तासाला कोणता विद्यार्थी बसला होता, याचे उत्तर प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवलेल्या, बहुधा दोरीला पेन बांधलेल्या, हजेरीवहीवर.