घोड्याच्या पायाखालचा वाफसा

मागच्या भागात आपण घोड्याच्या दातांवर बोललो. आज तोंडाकडून पायाकडे यायचं आहे, आणि पायाच्याही खाली.

मी पशुवैद्य. मूळचा मिरजेचा, पण गेली २२ वर्षं बेंगळुरूत. मे महिन्यात बेळगावहून माझा आतेभाऊ आला होता. त्याची शेती आहे. "दादा, एकदा रेस दाखव की," म्हणून मागे लागला. घेऊन गेलो त्याला हाय ग्राउंड्सच्या रेसकोर्सवर. बेंगळुरूचा मे म्हणजे सकाळी लख्ख ऊन आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून येणार. त्या दिवशीही तिसरी शर्यत झाली आणि वीसेक मिनिटं पाऊस कोसळला. थांबल्यावर चार-पाच माणसं ट्रॅकवर उतरली. कुणी बुटाची टाच रोवून बघत होतं, कुणी काठी खुपसत होतं. पुढची शर्यत लांबली. भाऊ वैतागला. म्हणाला, "घोडाच पळवायचा आहे ना? आमचे बैल गुडघाभर चिखलात चालतात."

मी विचारलं, "तुझ्या रानात पाऊस झाला की लगेच ट्रॅक्टर घालतोस का?"

"छे! वाफसा यायला नको?"

"ही माणसं वाफसाच बघतायत."

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. पाऊस पडून गेला, जादा पाणी खाली निचरलं, ओल मात्र टिकून आहे, माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढोसला तर फुटतो, त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. रेसिंगमध्ये ट्रॅकच्या स्थितीला गोइंग म्हणतात आणि तिच्या फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी अशा पायऱ्या लावतात. यातली गुड म्हणजे जवळजवळ आपला वाफसाच. पुढचं सगळं मी याच शब्दाच्या आधारानं सांगणार आहे.

आता घोड्याच्या पायाचा हिशेब करू. थरोब्रेड घोडा साधारण ४५० ते ५०० किलोचा. शर्यतीत तो ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पळतो आणि एका झेपेत सहा-सात मीटर जमीन मागे टाकतो. म्हणजे १४०० मीटरच्या शर्यतीत प्रत्येक पाय निदान दोनशे वेळा जमिनीवर आपटतो. प्रत्येक वेळी खूर जमिनीवर टिकतो सेकंदाचा दहावा भाग, आणि त्या क्षणी एकट्या पुढच्या पायावर घोड्याच्या वजनाच्या अडीचपट भार येऊ शकतो. हजार-बाराशे किलो! आणि तेही अशा पायावर, ज्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. नळीचं हाड, त्यामागच्या कंडरा, अस्थिबंध आणि कातडी, एवढंच.

त्या दहाव्या भागातही बरंच काही घडतं. खूर टेकतो तेव्हा आधी एक हादरा वर चढतो. मग खूर किंचित पुढे घसरतो, मग पूर्ण वजन येतं, आणि शेवटी पुढचं टोक मातीत रुतवून घोडा स्वतःला पुढे ढकलतो. यातलं ते घसरणं पुष्कळांना धोक्याचं वाटतं. पण थोडं घसरणं हवंच असतं, कारण त्यात हादरा जिरतो. खूर जागच्या जागी खिळला तर सगळा झटका हाडात जातो, आणि फार घसरला तर घोडा पडतो. म्हणजे जमिनीनं पायाला थोडं सोडायचं आणि वेळेत धरायचं. वाफशावरची हिरवळ हे बरोबर करते.

जमीन निबर असली की हादरा वाढतो आणि हाडांवर बेततं. तिथे वेळ लागते चांगली, विक्रम होतात, प्रेक्षक खूश. घोड्यांच्या डॉक्टरांचा जीव मात्र खालीवर होत असतो. ब्रिटनमधल्या अभ्यासांतही कडक हिरवळीवर हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. उलट जमीन चिबड असली तर खूर खोल रुततो, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं, स्नायू लवकर थकतात आणि थकलेल्या स्नायूंचं काम कंडरांवर पडतं. कंडरा ही स्प्रिंग आहे, दर झेपेला ताणते आणि परत येते. या ताणण्या-सोडण्यात उष्णता तयार होते. पूर्ण वेगात कंडरेच्या गाभ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. रक्तपुरवठा तिथे तोकडा, त्यामुळे एकदा तंतू तुटले की भरून यायला महिनोन्महिने लागतात, आणि भरतं तेही पहिल्यासारखं लवचीक नसतं.

पण मंडळी, माझा अनुभव विचाराल तर निबर किंवा चिबड यापेक्षा मला तिसऱ्या प्रकारची भीती वाटते. इथे निबर, तिथे चिबड. जमीन सारखी असेल तर घोडा पहिल्या शंभर मीटरमध्ये तिचा अंदाज घेतो आणि झेप बदलतो. पण सेकंदाला दोनपेक्षा जास्त झेपा टाकणाऱ्या जनावराला पुढच्या पावलाखाली काय आहे याचा विचार करायला सवड कुठली? आपण जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकतो तेव्हा काय होतं, आठवा. तेच ताशी ६० किलोमीटरला.

आता बेंगळुरूकडे येऊ. मुंबईत महालक्ष्मीला शर्यती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात सगळा बारदाना पुण्याला. बेंगळुरूचा उन्हाळी हंगाम मात्र मेमध्ये सुरू होऊन पावसाळ्यात शिरतो, डर्बीसुद्धा जुलैत. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरचं हे गाव, हवा घोड्याला मानवते, म्हणून हे जमतं. पण इथला पाऊस कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही. दुपारी एकदम येतो, अर्धा-पाऊण तास झोडपतो आणि जातो. म्हणजे दोनला सुरू झालेल्या शर्यतींची पहिली जमीन वेगळी आणि पाचची वेगळी. वळणावर उतार असतो, तिथून पाणी आतल्या बाजूला येतं. झाडांच्या सावलीतला भाग उशिरा वाळतो.

शिवाय सगळ्या जॉकींना कठड्यालगतचा जवळचा रस्ता हवा असतो, त्यामुळे आतली पट्टी सर्वांत जास्त तुडवली जाते. तिला विश्रांती द्यायला फॉल्स रेल लावतात, म्हणजे कठडाच काही मीटर बाहेर सरकवतात. इथल्या इंग्रजी पेपरात शर्यतीच्या बातमीबरोबर अमुक मीटर रुंदीची फॉल्स रेल, अमुक अंतरापासून विनिंग पोस्टपर्यंत, अशी ओळ येते. पंटर लोक ती ओलांडून पुढे जातात. मी ती पहिल्यांदा वाचतो. रेल आज कुठे आहे यावरून गवताची कुठली पट्टी ताजी आणि कुठली दमलेली, हे कळतं.

रेसकोर्सपासून दोन-तीन किलोमीटरवर चिन्नास्वामी स्टेडियम आहे. तिथे २०१७ मध्ये सबएअर नावाची यंत्रणा बसवली, मैदानाखालच्या पाइपांतून पाणी अक्षरशः ओढून घेते. भावाचा लगेच प्रश्न, "मग तेच इकडे का नाही?" क्रिकेटचं मैदान केवढं आणि दीड-दोन किलोमीटरचा फेरा असलेला ट्रॅक केवढा! आणि क्रिकेटच्या मैदानावर अर्धा टनाचे डझनभर प्राणी नाल ठोकून पळत नाहीत. दुसरीही गोष्ट आहे. या रेसकोर्सच्या सरकारी जागेचा भाडेकरार २००९ अखेर संपला आणि तेव्हापासून जागेचा वाद कोर्टात गेला. उद्या इथे राहायचं की नाही हे ठरलेलं नसताना जमिनीखाली कोट्यवधी रुपये पुरायला कुणाचं मन धजेल? हे माझं मत आहे, पण भाड्याच्या घरात फरशी बदलताना आपणही दहादा विचार करतो.

२०२१ च्या नोव्हेंबरात इथे एका शर्यतीत घोडे पडले, त्या दिवसाच्या शर्यती रद्द झाल्या आणि चिडलेल्या लोकांनी तोडफोड केली. ट्रॅकचा त्यात काही संबंध होता असं मी म्हणत नाही. मला आठवतो तो लोकांचा राग. तो शर्यती रद्द झाल्याचा होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग करतोय तिथे येतो. प्रेक्षकाला ट्रॅक म्हणजे ती हिरवळ. पण घोडा महिन्यातून तिच्यावर किती वेळ पळतो? एखादी शर्यत, फार तर दोन, दर वेळी दीड-दोन मिनिटं. बाकी रोज पहाटे तो वाळूवर असतो. बेंगळुरूत सकाळच्या कामाच्या बातम्या वाचल्यात तर इनर सँड, आउटर सँड असे मथळे दिसतील. घोड्याच्या पायाचं खातं भरतं ते तिथे.

हाड जिवंत असतं. रोजच्या कामानं त्यात बारीक तडे जातात, शरीर ते दुरुस्त करतं आणि हाड आणखी मजबूत होतं. पण दुरुस्तीला आठवडे लागतात. कामाचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की तडे साठत जातात. बाहेरून काही दिसत नाही. पाय किंचित गरम, चाल किंचित आखूड. आणि मग एके दिवशी शर्यतीत हाड मोडतं आणि सगळे म्हणतात, ट्रॅक खराब होता.

कॅलिफोर्नियातल्या सांता अनितामध्ये हेच झालं. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस सुरू झालेल्या एका हंगामात, २०१९ च्या जूनपर्यंत, तिथे ३० घोडे गेले. त्या हिवाळ्यात पाऊस फार झाला होता, मातीचा ट्रॅक पुन्हा पुन्हा दाबून सपाट करावा लागला होता, मार्चमध्ये शर्यती थांबवून ट्रॅक तपासलाही. पण नंतरच्या चौकशीत दिसलं की दगावलेल्या बहुतेक घोड्यांच्या पायात, जिथे हाड मोडलं तिथेच, जुनी इजा होती. ओल्या जमिनीचा वाटा होता. तो एकटा नव्हता.

माझाही एक दिवस आहे असा. गाव आणि रेसकोर्स सांगत नाही, बेंगळुरू नव्हे. तीन वर्षांची एक घोडी, अंगावर अजून बाळसं होतं. पहाटे वाळूवर साधं काम चाललं होतं, शर्यतही नव्हती. ट्रॅकवर घोडे आत घेतात त्या फाटकाजवळ तिचा पुढचा डावा पाय गेला. मी पोचलो तेव्हा मोतद्दार तिची मान धरून उभा होता आणि तिच्याशी बोलत होता. वाचवण्यासारखं काही नव्हतं. लोक विचारतात, प्लास्टर का नाही घालत? घोडा महिनाभर आडवा राहू शकत नाही, आणि तीन पायांवर उभा राहिला तर चांगल्या पायांच्या खुरात सूज येऊन तेही निकामी होतात. अमेरिकेतल्या बार्बारो या डर्बी विजेत्याचा पाय २००६ च्या मेमध्ये मोडला. पैसा, डॉक्टर, कशालाही कमी नव्हतं. २००७ च्या जानेवारीत त्याला याच खुरांच्या आजारामुळे निरोप द्यावा लागला. त्या घोडीला मी इंजेक्शन दिलं.

नंतर मी हातातली काठी घेऊन त्या जागी गेलो. फाटकापाशी वाळू चार बोटं. दहा पावलं पुढे, जिथे ट्रॅक्टर वळताना कुळवाची वाळू साचायची, तिथे जवळजवळ आठ बोटं. त्यामुळेच पाय गेला हे मी छातीठोक सांगू शकणार नाही, तिच्या हाडात आधी काय होतं तेही पाहायला हवं होतं. पण त्या दिवसापासून मी ज्या पागेत जातो तिथल्या ट्रॅकवर आधी काठी घेऊन फिरतो. मोतद्दार हसतात. हसू देत.

मोजायची साधनं आता आहेत. जुनं आहे पेनिट्रोमीटर. एक किलोचं वजन एक मीटरवरून दांडीवर तीनदा सोडायचं आणि दांडी किती सेंटिमीटर आत गेली ते बघायचं. ब्रिटनमध्ये गोइंगस्टिक वापरतात. ती जमिनीत खुपसून मागे ओढायची, म्हणजे जमीन किती मऊ आणि ती खुराला किती धरेल, ही दोन्ही उत्तरं मिळतात. माझी तक्रार आहे ती सरासरीची. एका वळणावर २ आणि दुसऱ्या वळणावर ४ असेल तर सरासरी ३ येते, छान वाटते. घोडा सरासरीवर पळत नाही. प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा सांगा.

कृत्रिम ट्रॅकचं काय, हेही विचारलं जातं. वाळू, तंतू आणि मेण यांचं मिश्रण. केंटकीतल्या कीनलंडनं २००६ मध्ये घातला आणि २०१४ मध्ये काढून पुन्हा माती आणली. घोडेमालकांना, सट्टेवाल्यांना तो रुचला नाही. अमेरिकेच्या नोंदींत मात्र कृत्रिम ट्रॅकवर मृत्यूचं प्रमाण मातीपेक्षा कमीच राहिलं आहे. त्या नोंदींचा खरा उपयोग वेगळाच झाला. २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे दगावत होते, २०२३ मध्ये १.३२. दरवर्षी आकडा छापायचा म्हटल्यावर तपासणी वाढली, ट्रॅकची निगा वाढली. आपल्या रेसबुकात घोड्याचे आईबाप, मालक, जॉकीचे रंग सगळं असतं. हजार धावांमागे किती गेले, हा आकडा मला तिथे कधी दिसला नाही. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. मग ट्रॅक राखणाऱ्या माळ्याचं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं कौशल्यही त्यात मोजा की.

आपल्यापैकी काहींचा घोड्यात वाटा आहे हे मला ठाऊक आहे, पुण्यातल्या दोघांनी तसं लिहिलंही होतं. ट्रेनरला फोन कराल तेव्हा घोडा कधी जिंकणार हे विचाराच. सोबत हेही विचारा: सकाळची वाळू किती खोल आहे आणि ती शेवटची कधी मोजली? पावसानंतर किती वेळानं घोडा बाहेर काढता? पाय गरम लागला तर काम थांबवायचा अधिकार मोतद्दाराला आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर फोनवर जरा शांतता पसरेल. थांबा तेवढं.

पुढच्या भागात नाल. लोखंडी की अॅल्युमिनियमचा, आणि नालबंदाला आपण पैसे देताना हात का आखडतो, यावर बोलू.