राजमा-भात : धुण्याच्या दिवसाचे जेवण आणि आपले आरोग्य

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथे सोमवारी राजमा-भात शिजवण्याची जुनी रीत आहे. आजही तिथल्या अनेक खानावळींत सोमवारी हे जेवण मिळते. या शहरात जन्मलेले जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय वादक लुई आर्मस्ट्राँग यांना हे जेवण इतके प्रिय होते, की पत्राच्या शेवटी सही करताना ते त्याचेच नाव घालत.

सोमवारच का? पूर्वी सोमवार हा धुण्याचा दिवस असे. सकाळी चुलीवर पातेले चढवायचे आणि मंद आचेवर राजमा शिजत ठेवायचा. पाणी तापवणे, कपडे घासणे, पिळणे, वाळत घालणे यात बाईचा दिवस जाई. रविवारच्या जेवणातले डुकराच्या मांसाचे उरलेले हाड त्याच पातेल्यात पडे. संध्याकाळी घट्ट झालेला राजमा पांढऱ्या भातावर वाढला, की घरादाराचे पोट भरे. हे धुणे अनेकदा स्वतःच्या घरचे नसे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्यांचे कपडे धुऊनच संसार चालवावा लागला. अटलांटा शहरातील धुणे धुणाऱ्या अशा स्त्रियांनी १८८१ साली मजुरी वाढवून मिळावी म्हणून संपही केला होता.

या माणसांशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच ब्लॅक पँथरने १९६९ पासून शाळकरी मुलांना सकाळचा मोफत नाश्ता देण्याचा कार्यक्रम चालवला होता. उपाशी मुलाला शिकता येत नाही, हे त्या चळवळीने ओळखले होते. म्हणून त्यांच्या पातेल्यात काय शिजत होते, त्यातले घेण्यासारखे काय आणि टाळण्यासारखे काय, हे समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

पातेल्यातले चांगले आणि वाईट

मळ्यांवरील गुलामांना आठवड्याचा शिधा म्हणून मुख्यतः मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस मिळे. भाताचे ज्ञान मात्र त्यांचे स्वतःचे होते. पश्चिम आफ्रिकेत भाताची शेती फार जुनी आहे आणि कॅरोलिना भागातील भातशेती आफ्रिकी गुलामांच्या कष्टावर व कौशल्यावर उभी राहिली. आपली चवळीही मूळची आफ्रिकेची. तिथल्या कृष्णवर्णीय घरांत नववर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात करतात. राजमा अमेरिका खंडातलाच. आपल्याकडे तो घेवड्याच्या नावाने रुळला आहे आणि सातारा जिल्ह्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे.

कडधान्य आणि भात हा या जेवणातला सकस भाग. खारवलेले मांस, चरबी आणि त्यातून येणारे भरमसाट मीठ हा घातक भाग. आज अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण फार मोठे आहे. त्याला एकटे जेवण जबाबदार नाही. गरिबी, भेदभावाचा ताण, वस्तीत ताजी भाजी न मिळणे, वेळेवर उपचार न मिळणे हीही कारणे आहेत. तरी मिठाचा वाटा मोठा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ नावाच्या अमेरिकी अभ्यासात भाज्या, फळे, कडधान्ये आणि कमी चरबीचा आहार दिल्यावर रक्तदाब उतरला, आणि कृष्णवर्णीयांमध्ये तो अधिक उतरला. जेवण बदलले तर शरीर प्रतिसाद देते.

आपल्या घरीही हिशेब करून पाहावा. मीठ-मिरची-भाकर, सुकट-बोंबील, पापड, लोणचे, फरसाण या सगळ्यांत मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा भरेल त्याहून कमीच मीठ खावे.

कडधान्य आणि धान्य एकत्र का?

प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन हा घटक तांदळात कमी आणि राजम्यात भरपूर असतो. मेथिओनिन राजम्यात कमी आणि तांदळात त्यामानाने बरा असतो. दोन्ही एकत्र आले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपली वरण-भाताची, चवळी-भाकरीची, मुगाच्या खिचडीची जोडीही याच कारणाने चांगली. मांस परवडत नाही म्हणून प्रथिने मिळत नाहीत, असे समजण्याचे कारण नाही.

राजम्यात तंतूही पुष्कळ असतात. त्यामुळे पोट साफ राहते आणि रक्तातील साखर हळू चढते. मात्र नुसत्या भाताचा ढीग आणि वर दोन चमचे राजमा घेतला, तर हा फायदा मिळत नाही. भात जितका, निदान तितका राजमा ताटात हवा.

कच्चा राजमा विषारी असतो

हा मुद्दा घरातील सर्वांनी लक्षात ठेवावा. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन प्रकारचे एक विष असते. केवळ चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. नीट शिजवल्यावर हे विष नष्ट होते. कोमट किंवा मंद आचेवर ते नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात :

१. राजमा रात्रभर, निदान पाच तास, भरपूर पाण्यात भिजवावा.
२. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि राजमा धुवावा. त्यामुळे पोटात वात धरणेही कमी होते.
३. ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच पुढे शिजवावा. प्रेशर कुकरची उष्णता त्याहून जास्त असल्याने कुकरमध्ये पूर्ण शिजवलेला राजमा सुरक्षित असतो.

घरी करायची कृती (पाच माणसांसाठी)

साहित्य : राजमा किंवा वाघ्या घेवडा पाव किलो, तांदूळ दीड वाटी, कांदे दोन, ढोबळी मिरची एक, कोथिंबिरीचे कोवळे देठ अर्धी वाटी, लसूण आठ पाकळ्या, तमालपत्र दोन, ओवा पाव चमचा, मिरपूड आणि लाल तिखट आवडीप्रमाणे, तेल तीन छोटे चमचे, मीठ सपाट एक छोटा चमचा, एक लिंबू.

न्यू ऑर्लिन्सच्या फोडणीत कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तीन भाज्या असतात. सेलरी सर्वत्र मिळत नाही, म्हणून इथे कोथिंबिरीचे देठ घेतले आहेत. तिकडे थाइम नावाची सुगंधी वनस्पती घालतात. तिच्या वासातील थायमॉल हे द्रव्य आपल्या ओव्यातही असते, म्हणून चिमूटभर ओवा चालतो.

भिजवून दहा मिनिटे उकळलेला राजमा कुकरमध्ये दाणे बुडून वर दोन बोटे राहील इतक्या पाण्यात तमालपत्रासह ठेवावा. एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून वीस मिनिटे शिजवावा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. तसे नसेल तर पुन्हा शिजवावा. जुना राजमा जास्त वेळ घेतो.

पातेल्यात तेल तापवून कांदा, ढोबळी मिरची, देठ आणि ठेचलेला लसूण मऊ होईपर्यंत परतावा. त्यात ओवा, मिरपूड, तिखट आणि पाण्यासकट राजमा घालावा. दोन पळ्या राजमा पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घोटावा. त्यानेच रस्सा दाट होतो, साय किंवा लोणी लागत नाही. अर्धा तास मंद आचेवर रटरटू द्यावा आणि शेवटी मीठ घालावे. लिंबू आच बंद केल्यावरच पिळावे, कारण आंबट पडले की दाणा लवकर शिजत नाही. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे राजम्यातील लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तोच फायदा कमी होतो. मांसाहार करणाऱ्यांनी हवे तर कोंबडीचे चार तुकडे घालावेत, खारवलेले मांस घालू नये. सोबत कच्चा कांदा, काकडी किंवा पालेभाजी घ्यावी.

इतक्या साहित्यात माणशी सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या पाव भागाहून हे जास्तच आहे.

कोणी काय काळजी घ्यावी?

मधुमेह असणाऱ्यांनी भात कमी आणि राजमा-भाजी जास्त घ्यावी. कोसलचा राजा प्रसेनजित भात फार खाई आणि जेवल्यावर धापा टाकी. भगवान बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला रोज जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून द्यायला सांगितले आणि भाताचे माप हळूहळू कमी केले. संयुत्त निकायातील ही कथा आजच्या मधुमेहीलाही लागू पडते. एकदम भात सोडण्यापेक्षा दर आठवड्याला दोन घास कमी केलेले टिकते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी राजमा किती खावा हे डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात पोटॅशियम जास्त असते.

सिकलसेल हा आजार तर आपल्याला आणि कृष्णवर्णीय समाजाला सारखाच सतावतो. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही त्याचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. या आजारात तांबड्या पेशी लवकर तुटतात. नव्या पेशी सतत तयार कराव्या लागत असल्याने फोलेट नावाचे जीवनसत्त्व जास्त लागते, आणि राजमा-चवळीत ते चांगले असते. तरी डॉक्टरांनी दिलेली फोलिक आम्लाची गोळी बंद करू नये. अशक्तपणा वाटतो म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत. लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी.

भोजनदान करताना

धम्मचक्र प्रवर्तन दिन, भीमजयंती, सहा डिसेंबर अशा दिवशी विहारात किंवा रस्त्यावर शेकडो माणसांसाठी अन्न शिजते. मोठ्या पातेल्यात कडेचे पाणी उकळते आणि मधला राजमा कच्चा राहतो. म्हणून राजमा भागाभागाने उकळावा, तळापासून ढवळत राहावे आणि वाढण्यापूर्वी मधले दाणे चिरडून पाहावेत. तेवढी खात्री होत नसेल तर चवळी किंवा मसूर करावा. भातही सकाळी करून दुपारपर्यंत उघड्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतू उबेत वाढतात, त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि उलट्या होतात. भात थोडा थोडा, लागेल तसा शिजवावा. घरी उरलेला भात तासाभरात पसरून थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा.