केवडा, व्हायरस आणि वाणाचं बी

रहिमतपूर-कोरेगाव पट्ट्यातल्या शिवारात ‘केवडा’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. उसाचे कोवळे पान पिवळट-पांढरे पडले की केवडा, बाजरीच्या कणसाचा पानांसारखा झुबका झाला की केवडा, मुगाच्या पानावर हळदीसारखे डाग उमटले तरीही केवडाच. यातला उसावरचा केवडा बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो, बाजरीवरचा बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि मुगावरचा मात्र विषाणूमुळे. कारणे तीन, उपाय तीन, नाव एकच. रोगाला दिसण्यावरून नाव देणे स्वाभाविक आहे, पण त्या नावावरून औषध ठरवणे धोक्याचे आहे. कडधान्यांत आणि सोयाबीनमध्ये हा धोका अधिक, कारण इथे ‘व्हायरस आला’ एवढे म्हटले तरी निम्मेच सांगितलेले असते. कोणता विषाणू आला, हे कळल्याशिवाय पुढचे एकही पाऊल नीट पडत नाही.

पान पिवळे म्हणजे व्हायरस, हा पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. तो लोहाचा प्रश्न असतो, आणि फेरस सल्फेटच्या फवारणीने नवी पाने हिरवी येतात. विषाणूने बाधलेले पान फवारणीने पुन्हा हिरवे होत नाही. पिवळ्या मोझॅकमध्ये गडद पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि सुरुवातीला अशी झाडे रानात इकडेतिकडे विखुरलेली असतात. ऊसपट्ट्यात आणखी एक फसवणूक होते. शेजारच्या उसावर मारलेल्या टू-फोर-डी तणनाशकाची वाफ किंवा तुषार घेवड्यावर आले की पाने अरुंद, लांबट आणि वाकडी होतात. ते पाहून अनुभवी माणूसही क्षणभर मोझॅक म्हणेल. अशा वेळी बाधा बांधाकडून आत कमी होत गेली आहे का, हे पाहणे पानाकडे टक लावण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरते.

समजा, विषाणूच आहे. तरी ‘एकच व्हायरस’ ही दुसरी चुकीची समजूत उरतेच. मूग, उडीद आणि सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक घडवणारे विषाणू डीएनएचे आहेत, आणि ते पांढऱ्या माशीच्या अंगात शिरून दीर्घकाळ टिकतात. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो वाघ्या ज्या राजमा वर्गात मोडतो, त्यावरचा सामान्य मोझॅक मात्र आरएनएच्या विषाणूने होतो. मावा त्याला सोंडेच्या टोकावर उचलतो आणि काही मिनिटांत पुढच्या झाडाला देतो. फरक पुस्तकी वाटतो, पण त्यावर खिशातले पैसे अवलंबून आहेत. पांढऱ्या माशीला विषाणू उचलायला आणि द्यायला वेळ लागतो, म्हणून तिचा वेळीच बंदोबस्त केला तर प्रसार मंदावू शकतो. मावा मात्र कीटकनाशकाने मरण्यापूर्वीच आपले काम करून गेलेला असतो. एका रोगात उपयोगी पडणारी फवारणी दुसऱ्यात बहुतांशी वाया जाते. बुरशीनाशक तर दोन्हींत निरुपयोगी. कृष्णाकाठच्या सोयाबीनवर तांबेऱ्याचा अनुभव इतका कडू आहे की कोणताही डाग दिसला तरी बुरशीनाशकाचा पंप खांद्यावर चढतो. पण तांबेरा ही बुरशी आहे, मोझॅक नाही.

घेवड्याच्या मोझॅकची सर्वांत महत्त्वाची वाट मात्र किडीची नाही, बियाण्याची आहे. फुलोऱ्याआधी बाधलेल्या झाडाच्या काही बियांत विषाणू थेट गर्भात जातो. म्हणून थायरमसारखी बीजप्रक्रिया करूनही तो जात नाही. बी टपोरे, तजेलदार, पट्टे उठून दिसणारे असले म्हणजे निरोगी, असेही नाही. घरचे वाण जपण्याची इथली परंपरा मोलाची आहे, आणि ती टिकवायची असेल तर वाण राखायच्या वाफ्यातली संशयास्पद झाडे फुलोऱ्याआधीच उपटून टाकली पाहिजेत. पिवळ्या मोझॅकमध्ये बियाण्याबाबतचा हा आग्रह कमी फळ देतो. तिथे भर पांढऱ्या माशीवर, रोगाला सहनशील वाणांवर आणि सुरुवातीची बाधित झाडे काढण्यावर हवा.

यावर हमखास आक्षेप येतो. व्हायरसवर औषधच नाही, मग तो ओळखून करायचे काय? झाडावर औषध नाही हे खरे, पण निदान त्या झाडासाठी नसते, पुढच्या हंगामासाठी असते. तुरीच्या वांझ रोगाची गोष्ट इथे बोलकी आहे. 1931 साली त्याची नोंद झाली. पुढे एक अतिसूक्ष्म कोळी तो पसरवतो हे समजले, तरी विषाणू हाती लागायला 2000 साल उजाडले. मधल्या काळात पैदासकारांनी वांझ रोगप्रतिकारक वाण काढले, हे कष्टाचे यशच. पण विषाणू स्वतंत्रपणे ओळखल्यावरच झाडात तो आहे की नाही हे चाचणीने सांगणे शक्य झाले.

दुसरा आक्षेप असा, की एलायझा आणि पीसीआर ही प्रयोगशाळेची कामे आहेत, शेतकऱ्याने काय करावे? एलायझा विषाणूचे प्रथिन ओळखते, पीसीआर त्याचा जनुकीय मजकूर. दोन्ही घरी होणार नाहीत. पण नमुना नीट देणे शेतकऱ्याच्याच हातात आहे, आणि चुकीच्या नमुन्यावर उत्तम प्रयोगशाळाही चुकते. लक्षणे असलेली कोवळी पाने, तुलनेला त्याच रानातले निरोगी पान, पेरणीची तारीख, आधीच्या फवारण्या, शेजारचे पीक, एवढे बरोबर न्या. पाने ओली न करता थंड ठेवा. पूर्ण वाळलेले झाड नेऊ नका. सातारा जिल्ह्यात बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि सांगलीकडे कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र, तिथले तज्ज्ञ पुढची वाट सांगू शकतात.

येत्या खरिपात घेवड्याच्या रानात मोझॅकचे पहिले झाड दिसेल, तेव्हा पंप उचलण्याआधी पान उलटे करून खाली कोण बसले आहे ते पाहा, आणि त्या झाडाचे बी वाणाच्या पिशवीत जाऊ देऊ नका.