नाव बदललं, तार तीच

आमच्या गावाचं नाव जेऊर, पण बाहेरगावी नुसतं जेऊर सांगून भागत नाही. सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट तालुक्यात दुसरं जेऊर आहे, आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही एक आहे. म्हणून आम्ही करमाळ्याचं जेऊर म्हणतो, नाहीतर स्टेशनचं जेऊर. करमाळा शहराला रेल्वे नाही, तिथली माणसं दौंड-सोलापूर मार्गावर आमच्याच स्टेशनावर उतरतात. गाव कुठं आहे ते सांगितलं की ऐकणाऱ्याला ओळख पटते. संगणकातल्या नेटवर्क कार्डांना लिनक्स आज जी नावं देतं, ती याच रीतीनं. आणि लिनक्स अपग्रेड केल्यावर धडधाकट नेटवर्क अचानक बंद पडतं, त्याचं एक नेहमीचं कारण याच रीतीत सापडतं.

गावातल्या एका अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तिथं पहाटे साडेपाचपासून बसतात. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन लिनक्स. त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक मदरबोर्डवरचंच, त्यात फायबरच्या डब्यातून आलेली केबल. दुसरं स्लॉटमध्ये बसवलेलं, त्यातून निघालेली केबल स्विचला आणि तिथून मुलांच्या संगणकांना. बाहेरचं इंटरनेट एका कार्डातून घ्यायचं आणि दुसऱ्यातून आत वाटायचं, एवढंच त्या मशीनचं काम.

एका रात्री मी ते डेबियन १२ वरून १३ वर नेलं. अपग्रेड सुरळीत झालं, एकही चूक दिसली नाही. मशीन रीस्टार्ट केलं. सर्व्हरवर इंटरनेट चालू होतं, पण मुलांच्या एकाही संगणकावर नव्हतं. एका संगणकाचा पत्ता पाहिला तर तो १६९.२५४ ने सुरू होत होता. पत्ता वाटणारं कोणी भेटलं नाही की संगणक स्वतःच असा तात्पुरता पत्ता घेतो. मागे वाकून पाहिलं, दोन्ही कार्डांचे दिवे लुकलुकत होते. म्हणजे केबल ठीक, कार्ड ठीक, स्विचही ठीक.

मग ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली. (इथं सगळी नावं देवनागरीत लिहितोय. यंत्रावर ती बहुतेक लहान रोमन अक्षरांत दिसतात आणि तशीच टाइप करायची.) मदरबोर्डवरचं कार्ड पूर्वीसारखंच ईएनपी२एस० होतं. स्लॉटमधलं कार्ड अपग्रेडपर्यंत ईएनपी३एस० होतं, ते आता ईएनएस१ झालं होतं. सेटिंगच्या फाइलीत मात्र जुनंच नाव. त्या नावाचं कार्डच मशीनला सापडेना, म्हणून त्याला पत्ता दिला गेला नाही, आणि मुलांना पत्ते वाटणारा प्रोग्रामही अशा नावाचा इंटरफेस नाही म्हणून लॉगमध्ये तक्रार करत बसला होता.

हे का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. पूर्वी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कार्ड सापडेल तसं नाव द्यायचा: पहिलं ईटीएच०, दुसरं ईटीएच१. एकच कार्ड असेल तर यात काही बिघडत नाही. दोन असली की ती कोणत्या क्रमानं सापडतील याची खात्री नसते, कारण हल्ली मशीन सुरू होताना बरीच कामं एकाच वेळी चालतात. आज जे ईटीएच० आहे ते उद्या ईटीएच१ होऊ शकतं. अभ्यासिकेसारख्या मशीनवर हे फार वाईट, कारण मग आतली सेटिंग बाहेरच्या तारेला लागते आणि बाहेरची आतल्या.

त्यावर पहिला तोडगा निघाला तो कार्डाच्या मॅक पत्त्याचा. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता लिहिलेला असतो. तो दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत दिसतो, पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. लिनक्समध्ये उपकरणांची नोंद ठेवणारा युदेव नावाचा भाग आहे. तो एका फाइलीत लिहून ठेवायचा की अमुक मॅकचं कार्ड म्हणजे ईटीएच०. कल्पना चांगली होती, पण कर्नलही तीच नावं वाटत होता आणि युदेवही तीच. दोन कार्डांची नावं आपसात बदलायची वेळ आली की दोघांची टक्कर व्हायची. शिवाय मदरबोर्ड बदलला की नवं कार्ड ईटीएच१ म्हणून उगवायचं, आणि सेटिंग बिचारी ईटीएच० ची वाट पाहत राहायची. त्या काळात सर्व्हर सांभाळलेल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू होताना बाकीची कामं चालवणाऱ्या प्रणालीच्या) १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली: कार्ड कुठं बसलंय त्यावरून नाव. हे नाव फोडून वाचता येतं. सुरुवातीचं ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफाय. पुढं ‘ओ’ आलं तर मदरबोर्डच्या फर्मवेअरनं त्या कार्डाला स्वतःचा क्रमांक दिलाय. ‘एस’ आलं तर स्लॉटचा क्रमांक. तेही मिळालं नाही तर ‘पी’ आणि ‘एस’ मिळून, म्हणजे पीसीआय बस कितवी आणि त्या बसवरची जागा कितवी. ईएनपी३एस० म्हणजे तिसऱ्या बसवरच्या शून्य क्रमांकाच्या जागेतलं इथरनेट कार्ड. यूएसबीच्या कार्डाला डेबियनमध्ये ‘ईएनएक्स’ आणि पुढं मॅकची बारा अक्षरं असं नाव मिळतं. ते मोजून पंधरा अक्षरांचं होतं, आणि लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त पंधराच अक्षरांचं चालतं.

एक ठेच मी स्वतः खाल्लेली आहे, ती सांगून ठेवतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा बस क्रमांक सोळाच्या पायावर दाखवते, तर नावात तो दहाच्या पायावर असतो. तिथं ‘०ए’ दिसलं की कार्डाचं नाव ईएनपी१०एस० असणार. जुळत नाही म्हणून मी एकदा अर्धा तास चुकीचं कार्ड शोधत बसलो होतो.

आता मुख्य प्रश्न. जागेवरून नाव आणि जागा तर बदललीच नाही, कार्ड त्याच स्लॉटमध्ये आहे. मग नाव का बदललं?

पहिलं कारण असं की बसचा क्रमांक ही कायमची गोष्ट नाही. मशीन सुरू होताना पीसीआयवरची उपकरणं मोजली जातात आणि बसना क्रमांक मिळतात. मध्येच एखादं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली, तर तिच्यासाठी एक क्रमांक खर्ची पडतो आणि पुढचे सगळे एकानं सरकतात. डिस्क बसवली आणि नेटवर्क गेलं असं कोणी सांगितलं तर हसू नका, ते खरं असतं.

दुसरं कारण अपग्रेडशी बांधलेलं आहे, आणि आमच्याकडं तेच घडलं. नाव ठरवताना वर सांगितल्याप्रमाणे क्रम लागतो: आधी फर्मवेअरचा क्रमांक, मग स्लॉट, मग बसवरची जागा. जुनी सिस्टमडी आमच्या कार्डाचा स्लॉट क्रमांक वाचत नव्हती, म्हणून नाव तिसऱ्या पायरीवर बसच्या जागेवरून ठरत होतं. स्लॉटचा क्रमांक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेला असतोच. नव्या सिस्टमडीनं तो वाचला, आणि नाव दुसऱ्याच पायरीवर ठरलं. कार्ड जागचं हललं नाही, त्याच्याबद्दलची माहिती वाढली. डेबियन १३ च्या प्रकाशन-टिपांमध्ये नेमकी ही सूचना आहे, की अशा कारणानं ‘ईएनपी’वालं नाव ‘ईएनएस’ होऊ शकतं. मी ती अपग्रेडनंतर वाचली.

तिसरं कारण सिस्टमडीच्या नियमांतले बाकीचे बदल. नाव ठरवण्याची रीत आवृत्तीगणिक थोडी-थोडी सुधारत गेली आहे, आणि प्रत्येक रीतीला आवृत्तीचा क्रमांक आहे. मशीन सुरू होताना कर्नलला ‘नेट.नेमिंग-स्कीम’ हा पर्याय देऊन जुनी रीत धरून ठेवता येते. डेबियनवर फार जुनी मशीनं सांभाळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे. २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीत नवी नावं आली तेव्हा अपग्रेड केलेल्या मशीनवर युदेवची जुनी फाइल होती आणि ईटीएच० चालत राहिलं. २०१९ च्या बस्टरपासून त्या फाइलीचा अधिकृत आधार गेला. कुठं अजून ती फाइल असेल तर पुढच्या अपग्रेडच्या आधीच तिची सोय लावावी.

दुरुस्ती करायला मशीनसमोर कीबोर्ड आणि पडदा घेऊनच बसावं. लांबून, नेटवर्कवरूनच, असं अपग्रेड करणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तोडणं. आधी ‘डीमेसेज’मध्ये ‘रीनेम्ड’ हा शब्द शोधायचा. अमुक पीसीआय पत्त्याचं ईटीएच१ आता ईएनएस१ झालं अशी स्पष्ट ओळ तिथं मिळते. मग कोणतं नाव कोणत्या तारेचं ते पक्कं करायचं. त्यासाठी ‘एथटूल’ला ‘-पी’ आणि इंटरफेसचं नाव द्यावं. बऱ्याच कार्डांचा दिवा ठरावीक लयीत उघडझाप करू लागतो, आणि मागे उभं राहून बोट ठेवता येतं की हेच ते. ज्या कार्डाला हे जमत नाही, त्याची केबल काढून ‘आयपी लिंक’मध्ये कोण ‘डाउन’ झालं ते पाहावं. एवढं कळलं की सेटिंगच्या फाइलीत जुन्या जागी नवं नाव लिहिलं तरी काम चालतं. रात्री बाराला मी तेच केलं.

पण ते ठिगळ होतं. पक्कं काम म्हणजे कार्डाला आपण स्वतः नाव द्यायचं आणि ते मॅकशी बांधायचं. ‘ईटीसी’तल्या ‘सिस्टमडी’ फोल्डरात ‘नेटवर्क’ नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येक कार्डासाठी ‘१०-गाव.लिंक’ अशी वेगळी फाइल केली. आत दोन भाग. ‘मॅच’खाली ‘परमनंट-मॅक-अॅड्रेस’ (टाइप करताना मधल्या रेघांविना, सलग; या फाइलीतल्या अशा शब्दांची आद्याक्षरं मोठी, आणि ‘मॅक’ पूर्ण मोठ्या अक्षरांत) आणि समोर कार्डाचा मॅक. ‘लिंक’खाली ‘नेम’ आणि समोर आपलं नाव. मी स्विचकडच्या कार्डाला ‘गाव०’ आणि फायबरकडच्याला ‘बाहेर०’ ठेवलं, रोमन अक्षरांत. ईटीएच किंवा ईएन यांनी सुरू होणारं नाव मुद्दाम टाळलं, नाहीतर कर्नलच्या किंवा सिस्टमडीच्या नावांशी पुन्हा टक्कर. फाइलीच्या नावाआधीचा १० आकडाही महत्त्वाचा: या फाइली नावाच्या क्रमानं तपासल्या जातात, पहिली जुळेल ती लागू होते, आणि सिस्टमडीची मूळ फाइल ९९ ने सुरू होते. शेवटी ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवावं, कारण नावं ठेवण्याचं काम मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या एका छोट्या प्रणालीतही होतं, आणि ती या आज्ञेनं नव्यानं तयार होते. हे मी एकदा विसरलो होतो, आणि रीस्टार्टनंतर नाव जुनंच आलं होतं. उबंटू असेल तर हेच काम नेटप्लॅनच्या फाइलीत ‘मॅच’ आणि ‘सेट-नेम’ लिहून होतं.

या पद्धतीत कार्ड बदललं तर फाइलीतला मॅकही बदलावा लागतो. मला तो सौदा मान्य आहे. कार्ड मी माझ्या हातानं बदलतो, तेव्हा मला माहीत असतं. अपग्रेड करताना काय बदलेल ते माहीत नसतं.

इतकं झाल्यावर जुनं नाव आणखी कुठं लिहिलंय ते शोधायचं, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत ते असतं, कधी काळी लिहून विसरलेल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये असतं, आणि फायरवॉलमध्ये असतं. एनएफटेबल्समध्ये इंटरफेसच्या नावावर अडवण्याचा नियम लिहिला असेल आणि ते नाव आता अस्तित्वातच नसेल, तरी चूक दाखवली जात नाही. नियम जागेवर दिसतो, फक्त कोणालाच लागू होत नाही. नेटवर्क बंद पडलं तर मुलं सकाळी सांगतात. दार उघडं राहिलं तर कोणी सांगत नाही. म्हणून ‘ग्रेप’ला जुनं नाव देऊन सगळा ‘ईटीसी’ फोल्डर धुंडाळावा. मला पाच ठिकाणं सापडली, त्यातली दोन माझ्या लक्षातही नव्हती.

ज्यांना टर्मिनलची सवय नाही, त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी धडे आधी पाहावेत. आज्ञा समजून दिली तर हात थरथरत नाही.

आता अपग्रेडच्या आधी मी ‘आयपी लिंक’चं उत्तर कागदावर उतरवतो. कोणतं कार्ड, कोणता मॅक, कोणती तार. तो कागद चिकटपट्टीनं कॅबिनेटच्या झाकणाला आतून लावलाय, आणि तारांच्या टोकांना ‘गाव’ आणि ‘बाहेर’ अशा चिठ्ठ्या बांधल्यात. त्या पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मशीन तिसऱ्यांदा रीस्टार्ट केलं. ‘गाव०’ उभं राहिलं, पहिल्या रांगेतल्या संगणकानं १९२.१६८ चा पत्ता घेतला, आणि पहिला मुलगा सायकल लावून आत आला.